भास म्हणजे खोटं का?

आदरणीय ताई,

माझी आई ८१ वर्षांची आहे. डोळ्यांच्या पडद्यांची झीज झाल्यामुळे तिला गेली तीन वर्षं फार थोडं दिसतं. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "खिडकीपाशी लहान मुलं उभी आहेत. कपडे किती छान घातलेत! पण बोलत नाहीत." तिथे कुणीच नव्हतं. आता आठवड्यातून तीन-चार वेळा असं होतं. कधी मुलं, तर कधी भिंतभर जाळीची नक्षी. ती घाबरत नाही. "दिसतात, पण नाहीत, हे मला कळतं," असं म्हणते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं: व्हिज्युअल हॅल्युसिनेशन्स आहेत, डिल्युजन नाही, डिलिरियम नाही, इनसाइट शाबूत आहे. समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता. भावाने घरी येऊन हे शब्द शोधले. नशेच्या औषधांपासून वेडापर्यंत काय काय वाचलं आणि तेव्हापासून तो आईशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो. माझा मुलगा म्हणाला, "कम्प्युटरपण हॅल्युसिनेट करतो, म्हणजे चक्क खोटं सांगतो." हे आईच्या कानावर गेलं. रात्री तिने मला विचारलं, "कागदावर काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "भास होतात, असं लिहिलंय." त्यावर ती म्हणाली, "भास म्हणजे खोटं का? मी खोटं बोलते, असं लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. हा शब्द मुळात आला कुठून? हॅल्युसिनेशनमधलं 'ल्युसि' म्हणजे ल्युसिडमधला प्रकाशच ना? आणि आईला मी काय सांगू?

— एक मुलगी

प्रिय मैत्रिणी,

शब्दकोशांच्या कामात माझं निम्मं आयुष्य गेलं. शब्दांबद्दल लोक नाना तऱ्हेचे प्रश्न विचारतात, पण तुमच्या आईंइतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. भास म्हणजे खोटं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. त्या कागदावरचे इंग्रजी शब्द आणि तुमच्या तोंडून सहज निघालेला मराठी शब्द, दोन्ही उलगडून पाहिले की हेच हाती येतं.

आधी तुमच्या 'ल्युसि'बद्दल. तुमचा अंदाज चुकला आहे, पण तो मला फार आवडला आणि पुढे मला त्याच्याकडे परत यायचं आहे. ल्युसिड हा शब्द प्रकाश या अर्थाच्या लॅटिन 'लुक्स'पासून आला. हॅल्युसिनेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याचं मूळ लॅटिनमधलं 'आलुकिनारी' हे क्रियापद आहे. सुरुवातीचा ह नंतर चिकटला. या क्रियापदाचा अर्थ मनाने भरकटणं, असंबद्ध बोलणं, बरळणं. प्राचीन रोममधल्या सिसेरो या वक्त्याने एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाची टर उडवताना हेच क्रियापद वापरलं आहे: जांभया देता देता हा काहीतरी बरळून गेला, अशा अर्थाने. म्हणजे तेव्हा या शब्दात काही 'दिसणं' नव्हतंच. लक्ष ठिकाणावर नसलेल्या माणसाची बडबड, एवढंच होतं.

त्याच्याही मागे बहुधा ग्रीक 'अल्युएइन' आहे. मन सैरभैर होणं, काय करावं हे न सुचणं, असा त्याचा अर्थ. शोकाने माणूस सैरभैर होतो, अत्यानंदानेही होतो. ग्रीक लोक दोन्हींसाठी तेच क्रियापद वापरत. आणि त्याचं नातं नुसतं हिंडणं, भटकणं या अर्थाच्या दुसऱ्या एका ग्रीक क्रियापदाशी असावं असं मानतात. इथे मराठी माणसाचे कान टवकारले पाहिजेत, कारण आपला 'भ्रम' हा शब्द अगदी याच वाटेने आला आहे. भ्रम् म्हणजे फिरणं. भ्रमण त्यातूनच झालं, भोवरा आणि भोवळही त्यातूनच. चूक या अर्थाचा इंग्रजी 'एरर' हाही लॅटिनमधल्या भटकण्यातून आला. तीन भाषांतल्या लोकांनी मनाच्या गडबडीला एकच चित्र दिलं: वाट सोडून हिंडणारा माणूस. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. तो बिचारा फक्त रस्त्यावर नाही.

इंग्रजीत मात्र या शब्दाला सुरुवातीला फसवणुकीचा वास होता, हे तुमच्यापासून लपवत नाही. १६०० च्या सुमारास 'हॅल्युसिनेट' हे क्रियापद इंग्रजीत आलं तेव्हा त्याचा एक अर्थ फसवणं असाही होता. तो लवकरच मागे पडला. १६४६ साली थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने दृष्टीच्या विकारांबद्दल लिहिताना एक साधा भेद केला. दृष्टी नाहीशी झाली तर ते अंधत्व, आणि दृष्टी बिघडून वस्तू चुकीच्या दिसू लागल्या तर ते हॅल्युसिनेशन. हा शब्द वैद्यकात शिरला तो असा, डोळ्यांच्या तक्रारींच्या यादीत, अंधत्वाच्या शेजारी. तुमच्या भावाला हे आवर्जून सांगा. वेडाचा शिक्का त्यावर फार नंतर बसला.

आज डॉक्टर ज्या अर्थाने तो वापरतात, तो अर्थ पक्का केला फ्रान्समधल्या एस्किरोल या मनोविकारतज्ज्ञाने, १८१७ च्या सुमारास. इंद्रियांच्या टप्प्यात तशी कोणतीही वस्तू नसताना, आपल्याला आत्ता या क्षणी ती जाणवते आहे अशी माणसाची आतून खात्री असणं, म्हणजे हॅल्युसिनेशन. समोर काहीतरी असतं पण ते भलतंच दिसतं, त्याला त्याने वेगळं काढलं आणि इल्युजन म्हटलं. आपल्याला हा फरक समजायला फ्रान्सपर्यंत जायला नको. अंधारात पडलेली दोरी साप वाटली तर ते इल्युजन. दोरीच नाही आणि साप दिसला तर ते हॅल्युसिनेशन. आपल्या वेदान्त्यांनी दोरी आणि सापाचा दृष्टान्त शतकानुशतकं वापरला, पण त्यात दोरी नेहमी असतेच. तुमच्या आईंच्या खिडकीपाशी ती नाही. म्हणून डॉक्टरांनी इल्युजन लिहिलं नाही.

आता कागदावरचा दुसरा शब्द. तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घरात सगळा घोटाळा त्यावरूनच झालेला दिसतो. डिल्युजन आणि इल्युजन हे दोन्ही लॅटिन 'लुडेरे' म्हणजे खेळणं या धातूपासून आलेले सख्खे भाऊ आहेत. एखाद्याला खेळवणं, त्याची थट्टा करणं, त्याला बनवणं हा दोघांचा मूळ अर्थ. चौदाव्या शतकात इंग्रजीत इल्युजन म्हणजे चक्क टवाळी होती. पुढे एक डोळ्यांकडे गेला आणि दुसरा समजुतीकडे. आज डॉक्टर डिल्युजन म्हणतात ते दिसण्याला नव्हे, मानण्याला. शेजारी माझ्या पाण्यात विष कालवतात, असं कुणी ठामपणे मानतं आणि कितीही पुरावे दिले तरी हटत नाही, ते डिल्युजन. मराठीत मानसोपचाराच्या खोलीत डिल्युजनला भ्रम म्हणतात आणि हॅल्युसिनेशनला भास. बाहेर, घरात आपण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग 'भ्रमिष्ट' हा शब्द फार दूर नसतो. डॉक्टरांनी तो धागा तिथेच तोडला आहे. डिल्युजन नाही, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं. तुमची आई त्या मुलांना पाहते, पण ती खरीच आहेत असं धरून बसत नाही. त्यांच्यासाठी दार उघडायला सांगत नाही.

डिलिरियम या शब्दावर माझा फार जीव आहे. तो शेतातून आला. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराने पडलेली ओळ, आपल्या भाषेत तास. 'डे' म्हणजे बाहेर. नांगर तास सोडून वाकडातिकडा गेला की ते डेलिरारे. नांगरणाऱ्या माणसाने मनाच्या अवस्थेला दिलेलं याहून चांगलं नाव मला माहीत नाही. यात माणसाला दिवस-रात्र कळेनाशी होते, समोरचा कोण हे ओळखू येत नाही, घटकेत शुद्धीवर तर घटकेत भलतीकडे, असं होतं. त्यातही भास होतात, पण तिथे बुद्धीचंच तास सुटलेलं असतं. यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसात हे अचानक, एक-दोन दिवसांत सुरू होऊ शकतं आणि त्यामागे बहुतेकदा शरीरातलं काहीतरी असतं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध. तुमच्या आईंच्या बाबतीत आज तसं नाही. पुढे कधी त्या एकाएकी गोंधळलेल्या, तापलेल्या, असंबद्ध बोलणाऱ्या दिसल्या, तर "त्यांना भास होतातच" असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

इनसाइट शाबूत आहे, ही ओळ भावाने बहुधा वाचून सोडून दिली असणार, कारण शोधायला तो शब्द सोपा वाटतो. शब्दशः आतली दृष्टी. मनाच्या डोळ्याने पाहणं हाच त्याचा जुना इंग्रजी अर्थ आहे. मानसोपचारात त्याचा अर्थ असा की आपल्याला जे होतंय ते काय आहे, हे माणसाला स्वतःला कळतं. "दिसतात, पण नाहीत, हे मला कळतं." तुमच्या आईंचं हे वाक्य आणि डॉक्टरांची ती ओळ एकच आहे. त्यांनी आईंचं म्हणणंच इंग्रजीत उतरवून घेतलं.

मी डॉक्टर नाही. पण दृष्टी गेलेल्या, डोकं स्वच्छ असलेल्या माणसांना नेमकं असंच दिसतं, ही गोष्ट अडीचशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. शार्ल बॉने हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. १७६० साली त्याने आपल्या आजोबांबद्दल लिहिलं. आजोबा नव्वदीच्या घरात होते, मोतीबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. लहान-मोठ्या होत, जवळ येत, दूर जात. आवाज नाही. आजोबांची बुद्धी आणि स्मरण उत्तम होतं, हे नातवाने आवर्जून नोंदवलं. पुढे विसाव्या शतकात या अवस्थेला त्याच्या नावावरून चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणू लागले. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा की आईंना हेच आहे का. नाव कळलं की घरातल्यांच्या मनातली अर्धी भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे.

असं का होतं, तेही थोडं सांगते, कारण "खोटं का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. डोळ्यांकडून मेंदूला चित्रं पोचायची कमी झाली की मेंदूचा पाहणारा भाग गप्प बसत नाही, आपणच काम सुरू करतो. १९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी अशा भास होणाऱ्या लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग भास चालू असताना केलं. ज्याला रंग दिसत होते त्याच्या मेंदूत रंग ओळखणारा भाग जागा होता, आणि ज्याला चेहरे दिसत होते त्याच्यात चेहरे ओळखणारा. म्हणजे तुमच्या आईंना ती मुलं दिसतात, हे विधान पूर्ण खरं आहे. दिसणं खरं आहे. मुलं नाहीत. ही दोन वाक्यं एकाच वेळी मनात धरता येणं याचंच नाव इनसाइट, आणि ते त्यांना जमतं. आपल्यालाच जमत नाही.

आता तुमच्या 'ल्युसि'कडे परत येते. तुम्ही हॅल्युसिनेशनमध्ये प्रकाश शोधत होता आणि तो तिथे नव्हता. तो तुमच्याच उत्तरात होता. तुम्ही आईंना म्हणालात, भास होतात. भास् म्हणजे चमकणं, प्रकाशणं. भास्कर म्हणजे उजेड करणारा. प्रभा, आभा, प्रतिभा या त्याच कुळातल्या. चमकतं ते दिसतं आणि दिसतं ते भासतं, असा हा प्रवास झाला. 'मला असं भासलं' यात लबाडी कुठेही नाही. जे उजळून समोर आलं ते सांगितलं, इतकंच.

आणि गंमत पुढेच आहे. संस्कृतातला हा 'भा' आणि ग्रीकमधलं 'फाइनेइन', म्हणजे उजेडात आणणं, दिसू देणं, हे एकाच आदिम मुळाचे फुटवे आहेत. त्या ग्रीक शब्दातून इंग्रजीत फँटम आला, फँटसी आली आणि फँटसीचंच आखूड रूप म्हणजे आपण फॅन्सी ड्रेसमध्ये म्हणतो ते फॅन्सी. फेनॉमेनन, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला घटना म्हणून गंभीरपणे तपासतात, तोही याच घरातला. एकाच मुळातून भूतही निघालं आणि विज्ञानाची वस्तूही. तिसरीकडे आपला भास. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी बराच वेळ कोश मिटून बसले होते.

अशी नाती या शब्दांच्या भोवती अनेक आहेत. स्पेक्टर म्हणजे भूत, पण त्याचा धातू आपल्या 'स्पष्ट' या शब्दाचा भाऊबंद आहे; पाहणं हाच दोघांचा गाभा. झोप लागता लागता आपलं नाव कुणीतरी हाकारल्यासारखं वाटतं, चेहरे तरळतात, त्याला १८४८ साली मोरी या फ्रेंच अभ्यासकाने हिप्नॅगॉजिक म्हटलं, झोपेकडे नेणारं. त्यातला 'हिप्नोस' आणि आपलं 'स्वप्न' हे एकच शब्द आहेत, ऐकायला कितीही वेगळे वाटले तरी. नाइटमेअरमधली मेअर घोडी नव्हे, झोपेत छातीवर बसणारी जुन्या समजुतीतली एक बाई आहे. मिराज फ्रेंच आहे, आश्चर्याने पाहणं या अर्थाच्या लॅटिन धातूतून आलेला. आरसा या अर्थाचा मिररही तिथलाच. आपल्या मृगजळात मात्र आश्चर्य नाही, तहान आहे. मृगजळाचा फोटो काढता येतो, म्हणून ते भासाच्या यादीत बसतच नाही. हे सगळं आईंना एका बैठकीत सांगू नका. दुपारी एकेक सांगा. शब्दांवरून गप्पा मारायला डोळे लागत नाहीत.

भावाला नशेच्या औषधांची पानं मिळाली ती हॅल्युसिनोजेन या शब्दामुळे. तो १९५० च्या दशकात घडवलेला वेगळा शब्द आहे आणि तुमच्या घराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एवढं सांगून तो विषय संपवा.

मुलाशी मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण तो वाईट हेतूने बोलला नाही आणि आजकाल सगळेच तसं बोलतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं नसलेली माहिती ठणकावून देतात, त्याला हॅल्युसिनेट म्हणायची पद्धत इतकी रुळली की २०२३ साली केंब्रिज डिक्शनरीने हाच शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला. माझा या वापराला विरोध आहे, आणि तुमचं पत्र वाचून तो अधिकच पक्का झाला. यंत्राला काही दिसत नाही. ते शब्दांना शब्द जोडतं आणि कधी कधी ते जोडकाम वस्तुस्थितीला सोडून जातं. त्यासाठी वैद्यकात याहून जवळचा शब्द आहे, कॉन्फॅब्युलेशन. स्मृतीतली भोकं माणूस नकळत गोष्टींनी भरून काढतो, फसवण्याचा हेतू नसताना, ते हे. त्यात 'फाबुला' म्हणजे गोष्ट आहे. मुलाला एकच विचारा: आजी तुला जे सांगते ते आणि यंत्र सांगतं ते सारखं कसं? यंत्राला आपलं चुकलं हे आपणहून उमगत नाही. आजी आपणहून सांगते, "दिसतात, पण नाहीत."

आता थोडं माझं. माझे पती गेले त्यानंतर जवळजवळ वर्षभर संध्याकाळी मला त्यांची किल्ली दारात फिरल्याचा आवाज यायचा. स्पष्ट. मी उठून जायची. हे मी कित्येक वर्षं कुणाला बोलले नाही, कारण मलाही एका शब्दाची भीती होती. नंतर वाचनात आलं की १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून लिहिलं होतं: त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेलं माणूस कोणत्या ना कोणत्या रूपात जाणवत होतं, आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याही आधी, १८९४ साली ब्रिटनमध्ये १७,००० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण जागेपणी, तिथे नसलेलं काही पाहिलं, ऐकलं किंवा स्पर्शाने जाणवलं आहे का, असा प्रश्न होता. दहांतल्या सुमारे एकाने होय म्हटलं. ती सगळी घरकामं करणारी, नोकरीवर जाणारी माणसं होती. मी ते वाचलं आणि ग्रीकांचं ते क्रियापद आठवलं, शोकाने सैरभैर होणारं. त्या वर्षात मी तेच करत होते.

म्हणून भावाला रागावू नका, पण त्याला स्पष्ट सांगा की त्याचा तो जपून काढलेला आवाज आईंना ऐकू येतो. नजर कमी झालेल्या माणसाला आवाजातला बदल सर्वांत आधी कळतो. त्यांना मुलं दिसली तर "कुठे आहेत? काही नाही तिथे," असं म्हणू नका, आणि "हो हो, किती गोड आहेत," असंही नको. दुसरं ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्याने त्यांची इनसाइट आपणच हिरावून घेतो. "आज काय दिसतंय?" एवढं विचारा आणि ऐका. दिसणं नकोसं झालं तर खोलीतला दिवा लावून पाहा किंवा उजेड बदला. डोळे काही वेळा डावीकडून उजवीकडे फिरवायला, मिटून उघडायला सांगा, किंवा उठून त्या जागी जाऊन हात लावून पाहायला सांगा. पुष्कळांना याने फरक पडतो. भास वाढले, भीतीदायक झाले, किंवा 'नाहीत' हे त्यांना कळेनासं झालं, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि तो कागद कपाटात ठेवू नका. आज रात्री आईंच्या शेजारी बसा, भावालाही बसवा, मुलालाही. त्यांनी विचारलं होतं, कागदावर काय लिहिलंय. ओळीओळीने मराठीत वाचून दाखवा. मी असं वाचलं असतं:

"समोर नसलेलं यांच्या डोळ्यांपुढे उजळतं. त्याबद्दल मनात कोणतीही चुकीची समजूत नाही. बुद्धीचा नांगर तासात आहे. काय आहे आणि काय नाही, ते यांना स्वतःला कळतं."

मग त्यांना विचारा, त्या मुलांच्या कपड्यांचे रंग कोणते असतात. तुमच्या पत्रात ते लिहायचे राहून गेलेत.

तुमची,
ताई